मोजमापाबाहेरची भाजी

(कृषी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, महाराष्ट्रातील अनेक घरांत ऋषिपंचमीची भाजी होते. अळू, माठ, सुरण, शिराळे, पडवळ, भोपळा, मक्याचे कणीस असे परसात जे असेल ते एकत्र शिजवितात. मसाला जवळजवळ नसतोच. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, असा संकेत आहे. नांगरलेल्या जमिनीतील धान्य वर्ज्य, हाताने लावलेले किंवा आपोआप उगवलेले तेवढे ग्राह्य. धर्मशास्त्र क्षणभर बाजूला ठेवून पाहिले तर उत्पादनाची एक वेगळीच वर्गवारी या संकेतात दडलेली दिसते. भांडवल, पशुशक्ती आणि बाजार यांच्यावाचून आपल्या ताटात काय येते, हे वर्षातून एक दिवस तरी वेगळे काढून पाहिले जाते. आता मुंबई-पुण्यात ही भाजी चिरून, पाकिटात भरून विकत मिळते. ती बहुधा ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातून आलेली असते. बैलाचे कष्ट नसावेत, ही अट मात्र तंतोतंत पाळली जाते!

अशा चाली देशभर आहेत. बंगालमध्ये कालीपूजेच्या आदल्या दिवशी चौदा प्रकारच्या पालेभाज्या खाण्याची रीत आहे. आसामात बोहाग बिहूच्या वेळी एकशे एक प्रकारच्या भाज्यांची गोष्ट सांगतात. प्रत्यक्षात तितक्या जमतातच असे नाही, पण शोधायला मात्र सगळे निघतात. केरळात कर्किटकम् महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, दहा प्रकारच्या पानांची भाजी करतात. हा महिना तेथे ओढगस्तीचा म्हणून ओळखला जातो. मुसळधार पाऊस, हाताला काम नाही आणि जुने धान्य संपत आलेले. आपल्याकडे आषाढ-श्रावणाची तीच स्थिती. कोठारातील धान्य तळाला गेलेले असते आणि नवे पीक हाती यायला दोन-तीन महिने असतात. नेमक्या त्याच काळात बांधावर, पडीक जमिनीवर आणि रानात कोवळा पाला सर्वांत विपुल असतो. हंगामी भाजीकडे हौस म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. मूलतः ती विम्यासारखी व्यवस्था आहे. तिचा हप्ता पैशांत नव्हे, श्रमात आणि माहितीत भरावा लागतो.

हे मला पुस्तकातून उमगले नाही. माझ्या एका चुकीतून उमगले.

१९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या राज्याला हादरा दिला. त्यानंतर त्या भागात संशोधकांची रीघ लागली. १९९६ च्या पावसाळ्यात प्रबंधाच्या कामासाठी मीही तेथील एका पाड्यावर होते. माझ्या प्रश्नावलीत भाजीसाठी दोन रकाने होते: किती विकत घेतली आणि आपल्या शेतात किती पिकविली. एका वयस्क बाईंना मी विचारले, "मावशी, या आठवड्यात भाजी किती घेतली?" त्या हसल्या. "भाजी कोण विकत घेतो, बाई?" शेतात भाजी लावली होती का, या प्रश्नावरही नकारच आला. मी दोन्ही रकान्यांत शून्य लिहिले. दुपारी त्याच घरात मला नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी वाढली गेली. ती मी पोटभर खाल्ली आणि संध्याकाळी ते शून्य तसेच ठेवून परतले. 'पावसाळ्यात या कुटुंबांच्या आहारात भाजीपाल्याचे प्रमाण नगण्य असते' हे वाक्य माझ्या प्रबंधात आजही आहे. परीक्षकांपैकी कोणीही त्यावर बोट ठेवले नाही.

चूक माझी असली, तरी तिला प्रतिष्ठित सोबत होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने ५४ व्या फेरीत, जानेवारी ते जून १९९८ या काळात, सामाईक मालमत्तेच्या साधनांची देशव्यापी पाहणी केली. ग्रामीण कुटुंबांपैकी ४८ टक्के कुटुंबे गायरान, रान, नदीकाठ अशा सामाईक जागांवरून काही ना काही गोळा करतात, असे तीत आढळले. गोळा केलेल्या मालाची सरासरी किंमत दर कुटुंबामागे वर्षाला ६९३ रुपये निघाली, म्हणजे कुटुंबाच्या उपभोग खर्चाच्या सुमारे ३ टक्के. त्यातही निम्म्याहून अधिक वाटा सरपणाचा होता. पाहणी मोलाची होती, याबद्दल शंका नाही. परंतु एप्रिल महिन्यात एखाद्या बाईला गेल्या श्रावणात खुडलेल्या पाल्याचे प्रमाण विचारले, तर ती काय सांगणार? आणि ज्या भाजीचा बाजारच नाही, तिला किंमत कोणती लावायची? सरपणाची मोळी विकली जाते, म्हणून ती आकड्यांत दिसते. टाकळा तिथल्या तिथे शिजतो आणि आकड्यांतून नाहीसा होतो.

यापुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. रोजगारविषयक राष्ट्रीय पाहण्यांत प्रत्येक व्यक्तीच्या कामाला एक संकेतांक देतात. केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीला ९२. घरकामाबरोबर भाज्या, कंदमुळे, सरपण, वैरण विनामूल्य गोळा करणाऱ्या, किंवा घरासाठी शिवण-विणकाम करणाऱ्या व्यक्तीला ९३. हे दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या बाहेरचे आहेत. वास्तविक राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार रानातून गोळा केलेले अन्न हे उत्पादनच होय. म्हणजे तत्त्वतः ती भाजी राष्ट्रीय उत्पन्नात आहे, पण ती खुडणारी बाई श्रमिक नाही. घरच्यांसाठी भाजी शिजविणे तर उत्पादनाच्या व्याख्येतच बसत नाही. २०१९ साली वेळेच्या वापराची पहिली देशव्यापी पाहणी झाली आणि २०२४ साली दुसरी. दोन्ही संपूर्ण वर्षभर चालल्या, हे फार चांगले झाले, कारण त्यामुळे पावसाळाही मोजणीत आला. घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २०१९ मध्ये सरासरी २९९ मिनिटे आणि २०२४ मध्ये २८९ मिनिटे देत होत्या. पुरुषांचे आकडे ९७ आणि ८८ आहेत.

त्या मिनिटांत नेमके काय चालते, हे अर्थशास्त्रज्ञांनी एकदा चुलीपाशी बसून पाहावे. उदाहरण शेवळाचे घेऊ. पहिल्या सरींबरोबर पश्चिम घाटाच्या पायथ्याला जमिनीतून हे जांभळट कोंब वर येतात. नुसते शिजवून खाल्ले तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढू नये. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून वरचे आवरण काढायचे, आतील पिवळा भाग टाकायचा, उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे आणि काकडाच्या फळांचा आंबट रस घालून शिजवायचे. काकड हे रानातील झाड, त्याची फळे शेवळाच्याच दिवसांत मिळतात. काकड नसेल तर चिंच किंवा कोकम. जोडीला भिजवून सोललेले वाल. भारंगीचा कडूपणा वेगळा, तिचा पाला उकडून पाणी पिळून टाकावे लागते. कडू कंदांची तऱ्हा आणखी कठीण, ते उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच पोटात घालण्याजोगे होतात. हे सर्व अन्नप्रक्रियेचे तंत्रज्ञान आहे. कारखान्यात घडले असते तर त्याला मूल्यवर्धन म्हटले असते.

टाकळा त्या मानाने सोपा. कोवळी पाने, कांदा, लसूण, मिरची, भिजवलेली मुगाची डाळ किंवा फणसाच्या आठळ्या, वर ओले खोबरे. छत्तीसगडमध्ये हाच पाला चरोटा भाजी म्हणून खातात, आणि केरळच्या त्या दहा पानांत 'तकरा' नावाने हेच झुडूप असते. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडतात. त्यामुळे झाडाला फांद्या अधिक फुटतात आणि घराला भाजी मिळते, शिवाय तो पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवता येतो. परसातील अळूचे स्थान तर एखाद्या अभियंत्याने ठरविल्यासारखे असते. न्हाणीचे पाणी जेथे मुरते, तेथेच त्याचा ताटवा. उत्तराखंडात ओलसर ओढ्याकाठी लिंगुडा नावाच्या नेच्याचे गुंडाळलेले कोंब खुडतात, आणि अंगाला लागली तर आग होते त्या कंडाळीचीही भाजी करतात.

टाकळ्याची एक कथा सांगितलीच पाहिजे. त्याच्या बियांपासून निघणारा डिंक कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाद्यात घट्टपणा आणण्यासाठी वापरतात. त्यामुळे बियांना बाजार आहे. गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किमतीची केंद्रीय योजना २०१३-१४ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिच्या यादीत हे बी 'पुवाड' या नावाने समाविष्ट झाले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे, गोळा करणाऱ्यांना त्यातून चार पैसे मिळतात. पण एकाच झुडपाच्या बियांची नोंद शासनदरबारी होते आणि माणसे खातात त्या पानांची होत नाही, यावरून आपली फूटपट्टी कशासाठी बनली आहे ते कळते.

मोजले जात नाही, ते गमावले तरी तोट्यात धरले जात नाही. उत्तर भारतातील बथुआ, म्हणजे आपला चाकवत, गव्हाच्या शेतात आपोआप येतो. निंदणी करणाऱ्या बायका तो उपटत आणि घरी नेत. एकाच श्रमातून शेत स्वच्छ होई आणि संध्याकाळची भाजीही मिळे. रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी सारखी तणनाशके आली आणि हे दोन्ही तुटले. तणनाशकाचा लाभ-खर्च मांडताना आपण वाचलेली मजुरी लाभाच्या बाजूला धरतो. गेलेली भाजी आणि गेलेला रोजगार यांना त्या ताळेबंदात जागाच नसते. दिवसभर वाकून केलेल्या निंदणीचे गोडवे मी गाणार नाही. ज्यांच्या पाठी मोडल्या, त्यांना ते काम संपल्याचे दुःख असेलच असे नाही. माझा आक्षेप निर्णयाला नाही, अपुऱ्या हिशेबाला आहे. गंमत अशी की चाकवताच्याच कुळातील दक्षिण अमेरिकेच्या क्विनोआचे आंतरराष्ट्रीय वर्ष २०१३ साली साजरे झाले, आणि आपल्या शहरांत तो महागड्या पाकिटांत मिळू लागला.

मग या भाज्यांना बाजार मिळवून द्यावा, हा उपाय आहे का? महाराष्ट्रात कृषी विभागाच्या पुढाकाराने अलीकडे रानभाजी महोत्सव भरतात, तेथे आदिवासी भगिनींची चांगली विक्रीही होते. मला त्यात आनंद वाटतो आणि धास्तीही. शहरात भाव आला की घरच्या ताटातील जुडी टोपलीत जाते आणि त्या पैशांतून मुलांसाठी बिस्किटाचा पुडा येतो. उत्पन्न वाढले आणि आहार घसरला, असे एकाच घरात घडू शकते. फुलोरा धरण्याआधीच सरसकट उपटणी झाली तर पुढील वर्षीचे बी कोठून येणार, हा प्रश्न आणखी वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाने, मुळे, कंद यांसह गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काबरोबर किती खुडायचे याचा नियम ग्रामसभेनेच ठरविणे मला अधिक भरवशाचे वाटते.

येथे एक इशारा. रानभाजी खाल्ली की कुपोषण संपते, असा समज कोणी करून घेऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती. पालेभाजीतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. आंबट काही बरोबर असेल तर त्यात थोडी सुधारणा होते. पाल्याने भूक भागत नाही, धान्य आणि डाळ लागतेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. कोणते कुटुंब या आकड्याच्या किती जवळ आहे, हे ठरविताना त्या पाड्यावरचे माझे शून्य वापरले तर उत्तर चुकेल, आणि त्यावर आखलेली योजनाही चुकेल. ज्या घरी पाला आहे पण डाळ-तेल नाही, तेथे भाजीच्या बियाण्यांची पाकिटे वाटून काय साधणार?

तुमच्यापैकी जे या पावसाळ्यात क्षेत्रकार्याला जातील, त्यांनी प्रश्नावलीत तिसरा रकाना घालावा: 'आणलेली'. एकक किलो ठेवू नये. पाड्यावर टाकळा ओटीने मोजतात, कुरडू मुठीने आणि अळूची पाने नगावर. बरोबर एक साधा तराजू न्यावा. विनंती केली तर ओटी तराजूत रिकामी करायला त्या बायका हरकत घेणार नाहीत, थोड्या हसतील इतकेच. मात्र सकाळी लवकर पोहोचा. उशीर केलात तर भाजी चुलीवर गेलेली असेल.