बाथरूमचा झरोका आणि गाडीचा सायलेन्सर



फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला सोसायटीत एक बिनपगारी नोकरी आपोआप लागते. टाकी भरली नाही, ड्रेनेज तुंबलं, गाडीतून आवाज येतोय, की लोक म्हणतात, कर्नलसाहेबांना विचारा. आता नोकरीत अशा ठिकाणी राहिलोय की जवळचा प्लंबर दोन दिवसांच्या वाटेवर. त्यामुळे नळ्या, चिमण्या, इंजिनं यांची थोडी माहिती करून घ्यावीच लागली. लोक मला नेहमी जे विचारतात, त्यातलं थोडं आज सांगतो.

थंडीत सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं. बिघाड आहे का? नाही. पेट्रोल जळलं की त्यातून पाणी तयार होतंच, एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर. ते वाफ होऊन जातं. नळी गार असेल तर थेंब पडतात, गाडी तापली की थांबतात. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर मेकॅनिककडे जा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त पडतंय.

दुसरा प्रश्न, पंधरा-वीस दिवस गावाला जाऊन आलो की बाथरूममध्ये गटाराचा वास का येतो? जाळीखालच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठलेलं असतं, तेच गटारातली हवा अडवतं. घर बंद राहिलं की ते सुकतं. दोन तांबे पाणी ओता, काम झालं. मोठ्या प्रवासाला निघताना त्यावर चमचाभर खाण्याचं तेल टाकलं तर पाणी लवकर सुकत नाही. आणि गच्चीवर ड्रेनेजची जी उघडी नळी दिसते, ती कृपा करून सिमेंटने बुजवू नका. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की पाणी खाली येताना मागे हवा ओढतं. ती हवा वरून मिळाली नाही तर खालच्या ट्रॅपमधलं पाणीच ओढलं जातं. डासांसाठी जाळी बसवा, तोंड बंद करू नका.

गटाराला वास आहे हे एका अर्थी बरं. सिलिंडरच्या गॅसलाही मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. पण तोच गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. दाराची कडी हाताच्या अंतरावर असते आणि उघडता येत नाही.

म्हणून गॅस गीझरबद्दल जरा जास्त बोलतो. चार बाय सहाचं बाथरूम, दार बंद, थंडी म्हणून झरोक्याच्या काचांवर वर्तमानपत्र चिकटवलेलं, आत गीझर पेटलेला. खोलीतला ऑक्सिजन कमी होत जातो, तशी ज्योत अधिक विषारी होत जाते. घरात एकामागून एक अंघोळी चालल्या असतील तर तिसऱ्या माणसाला पहिल्यापेक्षा धोका जास्त.

लोक म्हणतात, एक्झॉस्ट फॅन आहे की! फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत कुठून येणार? दाराला खाली फट नसेल, तर गीझरच्या धुराड्यातूनच हवा उलटी खाली येते, धुरासकट. त्यामुळे दाराला खालून जाळी हवी आणि वरचा झरोका उघडा हवा. उत्तम म्हणजे गीझर बाहेर बाल्कनीत लावा, आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. भाड्याच्या घरात ते जमणार नसेल तर दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मग अंघोळीला जा. याला पैसा लागत नाही, आज रात्रीपासून करता येतं.

लडाखमध्ये आमच्याकडे रॉकेलची बुखारी असे. हुकूम ठरलेला. झोपण्यापूर्वी बुखारी विझवायची, खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, छपरावरच्या नळीवरचा बर्फ काढायचा, आणि संत्रीने रात्री पाहून जायचं. बाहेर उणे वीस, आणि साहेब खिडकी उघडायला सांगतात! नवी पोरं वैतागायची. वैतागू देत. उत्तरेकडे राहणाऱ्यांनो, कोळशाच्या शेगडीचंही तेच. धूर थांबला, निखारे लाल झाले की लोक ती खोलीत घेतात, पण लाल निखाऱ्यातूनही हा वायू निघतच असतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमनला केरळचे आठ पर्यटक, त्यात चार मुलं, एका बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले. कुणीच उठलं नाही.

गाडीतही हेच घडतं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीजवळ बर्फात अडकलेल्या पर्यटकांपैकी वीसहून अधिक दगावले. काही थंडीने, तर काही गाडीत कोंडलेल्या धुराने. सायलेन्सर बर्फात बुजला की धूर गाडीखाली साठतो आणि आत शिरतो. मनालीला, गुलमर्गला अडकलात तर आधी उतरून मागचा बर्फ काढा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवा, काच जराशी खाली ठेवा. आणि बंद गॅरेजमध्ये गाडी तापवत बसू नका. नव्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो हे खरं, पण तो तापेपर्यंत काम करत नाही.

कुणी बाथरूममध्ये पडलेलं सापडलं तर दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणा आणि १०८ ला फोन करा. तुम्ही स्वतः आत रेंगाळू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, 'गॅस गीझर चालू होता.' कारण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक कळत नाही, तो ९८ दाखवू शकतो. रक्त तपासावं लागतं, आणि तोवर मास्कने ऑक्सिजन सुरू करावा लागतो.

पुढच्या वेळी पाण्याच्या टाकीबद्दल बोलू. जय हिंद.