गोळी आहे, पण पोचत नाही

अमेरिकेत कृष्णवर्णीय लोक साधारण १२ टक्के. पण एचआयव्हीच्या नव्या निदानांत त्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास असतो. याचा दोष त्यांच्या वागण्याला देणं हा अन्याय आहे. अलाबामा, मिसिसिपीची खेडी पाहा. दवाखाना दूरच्या शहरात, बस नाही, अनेकांकडे विमा नाही, आणि खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. मग तपासणी लांबते, गोळ्या मध्येच सुटतात. त्यात औषधवाला ओळखीचा; त्याच्यासमोर चिठ्ठी ठेवली तर चर्चमध्ये कुजबुज होईल, ही धास्ती.

आणि डॉक्टरांवरचा अविश्वास? तो उगाच आलेला नाही. अलाबामातल्याच टस्कीगीत १९३२पासून ४० वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना नुसता न्याहाळला. पेनिसिलिन आलं, तरी ते त्यांना दिलं नाही!

आज एचआयव्हीवरची औषधं प्रभावी आहेत. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. २०१२पासून संसर्ग टाळणारी गोळीही आहे. पण कृष्णवर्णीय स्त्रियांपर्यंत ती फारच कमी पोचली. म्हणून काही ठिकाणी ब्यूटी पार्लरमध्ये, केस विंचरणाऱ्या ओळखीच्या बाईकडूनच, या गोळीची माहिती दिली जाते.