वणव्याचे चार महिने

भगिनींनो, १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. या दिवसांत रानाजवळ विस्तवाची बंदी कडक होते. आपल्याला तिचा जाच वाटतो; मलाही वाटे. माझे माहेर सातपुड्याच्या पायथ्याचे. मोहाखालचा पाला जाळून फुले वेचायची, हीच आमची रीत! एकदा तो जाळ वाऱ्याने डोंगरावर चढला, तेव्हा समजले. पाला झाडूने लोटताना कंबर मोडते, हे कबूल. पण २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरचा वाघ शेकडो कोस चालून आपल्या ज्ञानगंगेत विसावला, तो याच वाळक्या सागाच्या आसऱ्याला. चूल मात्र रोजच पेटवावी लागते. तेव्हा पऱ्हाट्या-तुराट्या माघातच रचून ठेवा, आणि गुरांमागे निघालेल्या घरधन्याच्या खिशातली काडेपेटी आधी काढून घ्या.