संगणकाची स्मृति : वेग आणि विश्वास

कोणत्याही यंत्राची परीक्षा दोन प्रश्नांनीं होते. तें किती जलद काम करतें, हा पहिला प्रश्न. आणि सोंपविलेलें काम तें बिनचूक करतें कीं नाहीं, हा दुसरा. संगणकाच्या बाबतींत पहिल्या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांत मिळतें, म्हणून तरुणांचें लक्ष तिकडेच अधिक वेधलें जातें. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या गांवांतून आज संगणक ही नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. सुटे भाग आणून तो स्वतः जुळविणाऱ्या हौशी मंडळींत एक प्रघात सर्वत्र आढळतो. संगणकाची स्मृति, म्हणजे रॅमची पट्टी, नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगानें चालवावयाची. यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा प्रयोग कितपत लाभाचा आहे, तो करावयाचा तर स्मृतीचें स्थैर्य कसें राखावें, आणि भंडाऱ्याच्या उन्हाळ्याचा त्याशीं काय संबंध आहे, एवढाच आजचा विषय.

प्रथम ही स्मृति कशी घडलेली असते तें पाहूं. पट्टीवरील प्रत्येक चिपेंत अब्जावधि सूक्ष्म पेशी असतात. पेशींत विजेचा किंचित् भार सांठविला कीं तो ‘एक’. पेशी रिती असली कीं तें ‘शून्य’. ही योजना आय. बी. एम. मधील रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचें पेटंट १९६८ सालीं मिळालें. परंतु या पेशींत एक मोठी उणीव आहे. ती गळते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. तलावाचें पाणी कांहीं पाळींतून झिरपून व कांहीं उन्हानें आटून कमी होतें, हें इकडील धानकऱ्यास सांगावयास नको. पेशींतील भारही असाच झिरपतो. म्हणून प्रत्येक पेशी ६४ मिलिसेकंदांच्या आंत एकदां वाचून पुन्हां भरावी लागते. चिपेचें तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेलें, तर गळती वाढते आणि हा अवधि निम्मा, म्हणजे ३२ मिलिसेकंदांचा, करावा लागतो.

पूर्वीं असें नव्हतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं काम करूं लागला. त्याची स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कडें एकदां चुंबकित झालें कीं वीज गेली तरी तें आपली दिशा सोडीत नसे. आजची स्मृति त्याहून कितीतरी पटींनीं जलद व विशाल आहे. मात्र ती घडोघडी भरावी लागते.

आतां वेगाकडे वळूं. डीडीआर ४ जातीच्या पट्टीवर ३२०० हा आंकडा असतो, त्याचा अर्थ असा कीं, प्रत्येक तारेवरून सेकंदास ३२० कोटि वेळां अंक पाठविले जातात. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास दोनदां अंक जात असल्यामुळें ठोके होतात १६० कोटि. जेडेक या मानक ठरविणाऱ्या संस्थेनें डीडीआर ४ ला दिलेली ही वरची मर्यादा होय. हौशी मनुष्य ती ३६०० वर नेतो. वाढ साडेबारा टक्क्यांची. परंतु मागणी केल्यापासून पहिला अंक हातीं येईपर्यंत कांहीं ठोके वाट पाहावी लागते. ३२०० च्या वेगास १६ ठोके लागत असतील, तर तो काळ होतो १० नॅनोसेकंद. ३६०० च्या वेगास १८ ठोके लागत असतील, तर तोही होतो १० नॅनोसेकंदच! ओघ वाढला, प्रतीक्षा तिळमात्र घटली नाहीं. म्हणून केवळ मोठ्या आंकड्यावर भुलूं नये. कांहीं खेळांत किंवा मोठ्या गणितांत या वाढीचा उपयोग होतो. पत्रलेखनांत व साध्या हिशेबांत तो जाणवणारही नाहीं.

ही वाढ फुकट मिळत नाहीं. डीडीआर ४ चा नेमलेला विद्युद्दाब १.२ व्होल्ट, अधिक वेगासाठीं तो बहुधा १.३५ व्होल्ट करावा लागतो, आणि त्याबरोबर उष्णता वाढते. इंटेलची एक्सएमपी व एएमडीची एक्स्पो या योजनांमुळें असे आंकडे पट्टींतच नोंदलेले असतात आणि एका कळीनें लागू होतात. परंतु पट्टीच्या कारखानदारानें पट्टी तपासलेली असते. ती ज्या प्रोसेसराशीं व ज्या बोर्डाशीं जोडली जाणार, ती जोडी त्यानें पाहिलेली नसते.

यांत धोका कोणता? संगणक बंद पडेल, हा नव्हे. बंद पडलेलें यंत्र निदान आपला दोष कबूल तरी करतें. खरा धोका आहे तो न बोलतां घडणाऱ्या चुकीचा. संगणक ४० ही संख्या ३२ आणि ८ यांच्या घरांत एकेक ‘एक’ मांडून लिहितो. त्यांतील ३२ च्या घरचा ‘एक’ पुसला गेला, तर ४० चे ८ होतात. धानखरेदीच्या वहींत एखाद्या शेतकऱ्याचे ४० क्विंटल असे ८ झाले, तर पडद्यावर कोणतीच खूण उमटणार नाहीं. आणि तीच फाईल जपून ठेवली, म्हणजे चूक कायमची झाली.

येथें उन्हाळ्याचा प्रश्न येतो. चिपेची उष्णता खोलीच्या उष्णतेवर चढत असते. जानेवारीच्या थंड रात्रीं घेतलेली परीक्षा मे महिन्याच्या दुपारीं, बाहेर पारा ४५ अंशांकडे गेला असतां, ग्राह्य धरतां येत नाहीं. त्यांतच कांहीं जण पुनर्भरणाचा अवधि मुद्दाम लांबवितात. कारण पेशी भरल्या जात असतांना त्या वाचतां येत नाहींत, व तेवढा वेळ वांचतो. हिवाळ्यांत हें खपून जातें. वैशाखांत पेशी अधिक लवकर गळूं लागतात, आणि तेव्हां पूर्वीं निर्दोष ठरलेली स्मृतिच चुका करूं लागते.

तेव्हां ज्यास हा प्रयोग करावयाचाच असेल, त्यानें क्रम सोडूं नये. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधीं दुसरीकडे ठेवावी. प्रथम नेमलेल्या वेगावरच स्मृति तपासावी. मूळचीच सदोष असली तर पुढील सारा खटाटोप व्यर्थ. मग एका वेळीं एकच गोष्ट, तीही एकच पायरी, बदलावी व वहींत टिपावी. प्रत्येक पायरीनंतर मेमटेस्ट८६+ सारखा तपासनीस चालवावा. तो इतर कामांपूर्वीं सुरू होऊन जवळजवळ साऱ्या स्मृतींत ठराविक अंक लिहितो व परत वाचून पाहतो. पांच मिनिटांची तपासणी ही तपासणी नव्हे. ती रात्रभर चालू द्यावी. रात्रभरांत एकच चूक निघाली तरी ती पायरी नापास समजावी. नंतर प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड तापेल असें जड काम देऊन पुन्हां पाहावें. मर्यादा सांपडली कीं तिच्यावर न थांबतां एक-दोन पायऱ्या खालीं यावें. संगणक सुरूच न झाला तर घाबरूं नये. वीज पूर्ण तोडून, बोर्डाबरोबरच्या पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें जुळवणीची नोंद पुसली कीं मूळचे आंकडे परत येतात. आणि उन्हाळा लागतांच पंख्यांवरील धूळ काढून भर दुपारीं ही परीक्षा पुन्हां घ्यावी.

मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांत याहून निराळी वाट धरतात. तेथें ६४ अंकांमागें ८ अंक जादा ठेवतात. त्यांच्या साहाय्यानें एक अंक चुकला तर तो दुरुस्त होतो व दोन चुकले तर कळून येतें. या विद्येचा पाया रिचर्ड हॅमिंग यांनीं १९५० सालीं घातला. नव्या डीडीआर ५ च्या चिपेंत अशी कांहीं व्यवस्था असते, परंतु ती चिपेच्या आंतल्यापुरती. तारेवरून जातांना झालेल्या चुकीस ती आवरूं शकत नाहीं.

खेळासाठीं ठेवलेल्या स्वतःच्या संगणकावर हा प्रयोग अवश्य करावा. त्यांतून यंत्राचें ज्ञान वाढतें. परंतु ज्या संगणकांत गिऱ्हाइकाचें देणें, विद्यार्थ्याचे गुण किंवा शेतकऱ्याच्या धानाचें वजन लिहिलेलें असतें, तेथें स्मृति नेमलेल्या वेगावरच चालूं द्यावी. तेथील अंक दुसऱ्याचे असतात, आणि ते जसे ठेवले तसे परत मिळावे एवढीच त्यांच्या धन्याची अपेक्षा असते.