पत्रकातलं पडद्यावर
(जालना जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. आमचा गट माजघरशेतीपर्यंत बरा पोचला. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, थंडीत हुरडा. घरच्या बायांनी माल चांगला केला. गाडी अडली ती व्यापारशेतीत. मोंढ्यात माल टाकायचा तर भाव दुसरा ठरवतो, आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला थेट द्यायचा तर ते गिऱ्हाईक आपल्याला ओळखत नाही.

ओळख व्हावी म्हणून आम्ही दर पिशवीत एक पत्रक घालत आलो. ज्वारी साठवायची कशी, भाकरी का मोडते, डाळीला तेल-पाणी का लावतात. शिवाय कापसावर या पानांतून लिहिलं ते वेगळं. चांगला गठ्ठा जमला आहे. तो वाचतं कोण, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता.

तो विचारायला लावला पुण्याच्या एका बाईंनी. फोन आला, "तुमच्या पिठाची भाकरी मोडते, पीठ खराब आहे." पीठ पाठवलं तेव्हा ताजं होतं; त्यांनी ते दोन महिने डब्यात ठेवलं होतं. पत्रकात आम्ही स्पष्ट लिहिलं होतं की पीठ जुनं झालं की विरी जाते, थोडं थोडंच घ्या, विरी कमी वाटली तर उकळतं पाणी घालून मळा. लिहिलेलं खरंच होतं. पण "विरी" म्हणजे काय, हे ज्या घरात भाकरी रोज होत नाही तिथं कोणाला कळणार? आम्ही आपल्याच भाषेत, आपल्यालाच समजावत बसलो होतो.

मग ठरलं की मोबाइलवर व्हिडिओ करायचा. पहिला व्हिडिओ सांगायलाही लाज वाटते. आमच्यातला एक जण बांधावर उभा राहिला आणि त्यानं अख्खं पत्रक वाचून दाखवलं. अकरा मिनिटं! वाऱ्याचा आवाज त्याच्या आवाजापेक्षा मोठा. घरच्यांनीसुद्धा शेवटपर्यंत पाहिला नाही. पत्रक हातात धरून कॅमेऱ्यापुढं वाचलं की त्याचा व्हिडिओ होत नाही, इतकं मात्र त्यातून कळलं.

दुसऱ्या वेळी आम्ही तेच पत्रक घेऊन पेन्सिलीनं त्याचे तुकडे केले. एका पत्रकात गिऱ्हाइकाचे चार प्रश्न निघाले. एका वेळी एकच प्रश्न घेतला. गटातल्या एका मावशी काठवट घेऊन बसल्या. मोबाइल त्यांच्या तोंडावर न धरता हातांवर धरला. आधी जुनं पीठ थंड पाण्यात मळलं. थापताना कडा फाटल्या, त्या तशाच दाखवल्या. मग त्याच पिठात उकळतं पाणी घालून मळलं आणि भाकरी अखंड उतरली. मावशी घरात बोलतात तसंच बोलल्या. सगळं दोन मिनिटांत. तो व्हिडिओ त्या बाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी आपल्या भाकरीचा फोटो पाठवला आणि पुन्हा पीठ मागवलं. ज्यांना पाठवला त्या सगळ्यांनीच मागवलं असं नाही. काहींनी नुसता अंगठा दाखवला. पण तक्रारीचा तोच फोन पुन्हा आला नाही.

जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला, तेव्हा पूर्ण पुस्तक छापून होण्याआधीच त्यातला मजकूर मुंबई, पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी वाचून दाखवला. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला अक्षर येत नाही, हे ते विसरले नाहीत. आमच्या गिऱ्हाइकाला अक्षर येतं, पण सवड नाही. अडचण वेगळी, पण लिहिलेलं तिथवर पोचवायची जबाबदारी आपलीच.

आता एक इशारा, आणि तो नीट ऐका. जुनं लिखाण आहे तसं उचलू नका. आमच्या गठ्ठ्यात फवारणीचं एक जुनं टिपण निघालं, त्यात एंडोसल्फान होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली त्यावर बंदी घातली. दुसऱ्या एका लेखात आम्ही लिहिलं होतं की बीटी लावलं की बोंडअळीची चिंता नाही. बियाण्याच्या स्वातंत्र्यासाठी आपण लढलो त्याची लाज बाळगायचं कारण नाही. पण २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भाचं काय केलं ते आपण भोगलं आहे. कागदावरची चूक कागदाबरोबर पिवळी पडते. व्हिडिओ मात्र या गावातून त्या गावात फिरत राहतो, आणि त्यात आपलं तोंड असतं. म्हणून प्रत्येक लेखावर साल टाका, चुकलेला भाग काढा, व्हिडिओत महिना आणि वर्ष बोलून सांगा. भाव मात्र बोलू नका, तो दर आठवड्याला बदलतो. तो वेगळा लिहून पाठवा.

काही गोष्टी मात्र कागदावर कधी नीट सांगताच आल्या नव्हत्या. डोमकळी घ्या. पाकळ्या चिकटतात, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं दिसतं, असं आम्ही तीनदा लिहिलं. तरी लोक विचारायचे, म्हणजे कसं? व्हिडिओत एक डोमकळी तोडली, बोटानं उघडली, आतली अळी दाखवली. वीस सेकंद लागले. कामगंध सापळ्याचंही तसंच. हेक्टरी पाच सापळे, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की उपाय करायचा. हे वाचून विसरतं, पतंग मोजताना पाहिलं की राहतं. यात आमची विक्री काही नाही. पण कापूसवाल्याला खरं सांगणाऱ्याची डाळही लोक विश्वासानं घेतात.

२००६ च्या सुमारास बंगळुरात मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात 'डिजिटल ग्रीन' नावाचा प्रयोग सुरू झाला. त्यात पडद्यावर गावातलाच शेतकरी असे, आणि दाखवणारा मध्येच थांबवून समोरच्यांना विचारत असे. आपणही नुसतं यूट्यूबवर टाकून मोकळं होऊ नये. पारावर, बैठकीत दाखवायचं, थांबवायचं, प्रश्न लिहून घ्यायचे. पुढचा व्हिडिओ त्या प्रश्नांचा.

जेवणानंतर मागच्या खोलीत मावशी काठवट घेऊन बसणार आहेत. ज्यांच्याजवळ आपापल्या गटाची पत्रकं आहेत त्यांनी ती आणि मोबाइल घेऊन यावं. पंखा बंद ठेवू, आवाज येतो.