मोटारसायकलची चेन आणि ब्रेक : घरच्या घरी देखभाल



आखाला वंगण घातल्याशिवाय आपले वाडवडील बैलगाडी जुंपून बाजाराची वाट धरत नसत. आज दारात मोटारसायकल उभी आहे. डेअरीला दूध तिच्यावर जातं, खताचं पोतं तिच्यावर येतं आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात म्हातारीला न्यायचं तरी तीच. पण तिच्या चेनकडे आपण बघतो केव्हा? ती कडकड वाजायला लागली म्हणजे, नाहीतर तुटून रस्त्यावर पडली म्हणजे! म्हणून आज इंजिनाविषयी थोडंच बोलेन. बोलायचं आहे ते चेन, तिची दोन दातेरी चक्रं म्हणजे स्पॉकेट, आणि ब्रेकचे लायनर यांच्याविषयी. हे भाग झिजण्यासाठीच असतात. मात्र ते झिजण्याआधी सूचना देतात, आणि ती सूचना ओळखायला गॅरेजात जावं लागत नाही.

आपण म्हणतो, चेन लांबली. खरं पाहता पोलाद काही रबरासारखं लांबत नाही. चेनमध्ये शंभराच्या आसपास कड्या असतात, आणि प्रत्येक सांध्यातली पिन केसाएवढी झिजली तरी सगळी मिळून चेन बोटभर सैल होते. आपल्याकडे झीज लवकर होते, कारण काळ्या रानातला चिखल चेनमध्ये बसतो, वाळतो आणि घासकागदासारखं काम करतो.

चेन तपासायची रीत सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर लावा. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. खालच्या बाजूची चेन दोन स्पॉकेटांच्या बरोबर मधे बोटाने वरखाली करा. बऱ्याच १०० सीसी गाड्यांत ही ढील २ ते ३ सेंटिमीटर असावी लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात आहे, तोच धरा. चेन कव्हरमध्ये बंद असेल तर कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढलं की चेन दिसते. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती, असं आढळलं तर चेन सारखी झिजलेली नाही. ती आता फार दिवस चालणार नाही.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळजण सांगतात, “चेन चांगली ताणून द्या हो, वाजायला नको.” असं करू नका. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले म्हणजे नुसतं दूधच ब्याऐंशी किलोच्या वर भरतं, कॅनचं वजन वेगळं. एवढा भार पडला की मागचे शॉकअप दबतात आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर जी चेन तारेसारखी ताठ, ती भरल्या गाडीवर बेअरिंगच खेचू लागते. मळणी यंत्राचा पट्टा फार ताणला तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

चेन सैल असेल तर मागच्या आसाचा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवायचे. दोन्हीकडे खुणा कोरलेल्या असतात. डावीकडे तिसऱ्या खुणेवर असेल तर उजवीकडेही तिसऱ्याच खुणेवर हवं. नाहीतर चाक तिरकं बसतं आणि टायरही खातं. मग नट पक्का आवळा. एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. चाक मागे सरकलं की ब्रेकची सळई ताणली जाते आणि ब्रेक लागूनच राहतो. म्हणून चेन ताणल्यावर चाक हाताने फिरवून बघा आणि ब्रेक पुन्हा जुळवून घ्या.

साफसफाईला जुना ब्रश आणि रॉकेल घ्या. रॉकेल आता सहजी मिळत नाही, तेव्हा साध्या चेनला थोडं डिझेल चालेल. पेट्रोल नको, त्याचा भडका उडतो. चेन कोरडी पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल कड्यांच्या सांध्यांवर थेंब थेंब सोडा आणि जादा पुसून काढा. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल लावायची आपल्याकडे सवय आहे, पण त्यात धातूचा कीस असतो. हे काम साधारण ५०० किलोमीटरला एकदा करावं. पावसाळ्यात आठवड्याला केलं तर बरं.

आणि आता नीट ऐका. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिले आहेत. फडकं दातात सापडलं की त्यामागून बोट जातं. ते ओढून घ्यायला वेळच मिळत नाही. चाक हातानेच फिरवा. मुलांना जवळ बसू देऊ नका. कव्हर आणि साडीगार्ड काढून ठेवलं असेल तर आजच परत बसवा. पदर चेनमध्ये गेल्यावर काय होतं ते सांगायला नको.

चेन बदलायची वेळ झाली हे कसं ओळखावं? मागच्या स्पॉकेटच्या पाठीमागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. ती सुटून अर्धा दाता उघडा दिसला तर चेन संपली. स्पॉकेटचे दाते विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला वाकलेले दिसले तर स्पॉकेटही संपलं. अशा वेळी चेन आणि दोन्ही स्पॉकेट असा सगळा संच एकदम बदलावा.

हे मी फी भरून शिकलो आहे. माझ्या गाडीची चेन गेली तेव्हा गॅरेजवाल्याने पुरा संच सांगितला होता. मला वाटलं, गिऱ्हाइकाला कापतोय. मी नुसती चेन घेतली. जुन्या दात्यांनी ती नवी चेन पाच महिन्यांत खाल्ली. एका शेतकऱ्याला मागे बसवून सोयाबीनची पाहणी करायला निघालो होतो. चढावर चेन दाते सोडून उडाली आणि गाडी मागे सरकू लागली. मागून उसाचा ट्रॅक्टर येत नव्हता हे नशीब. नंतर संच घ्यावाच लागला, म्हणजे चेनचे पैसे दोनदा गेले.

घरी चेन बसवणार असाल तर जोडकडीच्या क्लिपकडे लक्ष द्या. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर सुटून पडण्याचा धोका असतो.

आता ब्रेक. ड्रमब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत चाकाजवळच्या ब्रेकच्या दांडीपाशी एक बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबून धरायला कुणाला तरी सांगा. बाण खुणेला भिडला की लायनर संपले. मग सळईचा नट आवळत बसू नका, लायनर बदला. ते बदलताना ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्या. लायनरला ऑइलचा हात लागू देऊ नका. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी लायनर मिस्त्रीकडूनच बसवून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत पायाचा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. त्याची जुळणी गॅरेजवाल्यावरच सोपवावी. तसंच २०२० पासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, तेव्हा स्क्रू फिरवून ॲव्हरेज वाढवायचा प्रयत्न करू नका.

इंजिन ऑइल मोटारसायकलचंच घाला. ट्रॅक्टरचं उरलेलं नको, कारण बहुतेक मोटारसायकलींत क्लचप्लेटा त्याच ऑइलमध्ये फिरतात आणि त्या घसरू लागतात. काढलेलं ऑइल विहिरीच्या काठी ओतू नका.

सुटे भाग घेताना जुना भाग बरोबर न्या, पाकीट बंद असल्याचं बघा आणि बिल मागून घ्या. भाग खराब निघाला तर बिलाशिवाय दुकानदार दाद देत नाही.

उद्या पहाटे दूध घालायला निघण्याआधी गाडी डबल स्टँडवर लावून चेन एकदा बोटाने वरखाली करून बघा.