शंभर टक्के कव्हरेज, तरी प्रोग्रॅम पडला

छत्रपती संभाजीनगरहून आज बोलूया पायथनच्या 'कव्हरेज डॉट पाय' या टूलबद्दल. टेस्ट चालवताना कोडच्या कोणत्या ओळी चालल्या, हे ते सांगतं.

समजा, एसटी तिकिटाचा कोड आहे. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. म्हणून 'इफ'मध्ये लिहिलं: प्रवासी महिला असेल तर सवलत म्हणजे निम्मं भाडं. पुढच्या ओळीत भाड्यातून सवलत वजा. टेस्ट फक्त महिला प्रवाशाची. सगळ्या ओळी चालल्या, रिपोर्ट शंभर टक्के! पण पुरुष प्रवासी आला की 'सवलत' हे व्हेरिएबलच तयार होत नाही, आणि प्रोग्रॅम पडतो.

हे पकडायला 'ब्रांच' ऑप्शन आहे. तो मुळात बंद असतो. कमांडमध्ये द्या, नाहीतर 'कव्हरेज-आर-सी' फाइलच्या 'रन' विभागात लिहा. एखादा ऑप्शन दोन्हीकडे वेगवेगळा दिला, तर कमांडचं चालतं.

म्हणून टीमसाठी ऑप्शनची माहिती लिहिताना चार गोष्टी लिहाच: तो काय करतो, नाही दिला तर काय होतं, फाइलमध्ये कुठे लिहायचा आणि शेवटी कोणाचं चालतं. यातली दुसरी गाळली, की वाचणारा शंभर टक्क्यांवर खुश होऊन बसतो.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये आज 'ब्रांच' चालू करून बघा. आकडा खाली आला तर घाबरू नका, तोच खरा आहे. भेटूया!